वास, रहिवास आणि कोरे पत्र

मराठीत 'वास' हा शब्द दोन घराण्यांत नांदतो. एका घराण्यात सुवास आहे, कुवास आहे, भाताच्या वाफेबरोबर स्वयंपाकघरातून ओसरीवर येणारा वास आहे. दुसऱ्या घराण्यात रहिवास, सहवास, अधिवास आणि वनवास ही भावंडे आहेत. कोशकार या दोहोंची व्युत्पत्ती वेगवेगळी लावतात आणि समान उच्चाराच्या भिन्न शब्दांचे उदाहरण म्हणून आम्हीही ही जोडी फळ्यावर लिहितो. एक शब्द नाकाचा, दुसरा पायाखालच्या जमिनीचा. उच्चार एक, संबंध योगायोगाचा. इतके सांगून आम्ही पुढच्या उदाहरणाकडे वळत असू. अलीकडे मात्र या योगायोगापाशी आम्ही थोडे अधिक थांबतो. त्याचे कारण आमच्या महाविद्यालयाच्या आवारातील कुत्री आहेत. त्यांच्यापुरते तरी हे दोन शब्द एकच असावेत, असे आम्हांस वाटू लागले आहे.

आम्ही दोघे, पतिपत्नी, मुक्ताईनगर परिसरातील एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. एकाकडे भाषाविज्ञान असते, दुसरीकडे मध्ययुगीन वाङ्मय. महाविद्यालयाला तीन बाजूंनी भिंत आहे. चौथ्या बाजूस केळीची बाग आणि मध्ये तारेचे कुंपण. त्या कुंपणातून शेळ्या, उशिरा आलेले विद्यार्थी आणि कुत्री सारख्याच सहजतेने ये-जा करतात. आवारात पाच कुत्री कायमची आहेत. त्यांपैकी 'काळ्या' हा थोरला नर आणि 'ढवळी' ही मादी, एवढ्यांचाच उल्लेख पुढे येईल. नावे अर्थातच विद्यार्थ्यांनी ठेवलेली.

7 नोव्हेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक आदेश दिला. शिक्षणसंस्था, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारांतील मोकाट कुत्री हलवावीत, निर्बीजीकरण व लसीकरण करून त्यांना निवाऱ्यांत ठेवावे आणि जेथून उचलले तेथे पुन्हा सोडू नये, असा त्याचा आशय होता. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांची रीत याहून वेगळी आहे: शस्त्रक्रिया आणि लस झाल्यावर कुत्र्याला त्याच्या मूळ जागीच परत सोडावे, असे ते सांगतात. हा विषय शिक्षकांच्या बैठकीत निघाला तेव्हा अर्ध्या खोलीने सुटकेचा निःश्वास टाकला आणि अर्ध्या खोलीने खिडकीबाहेर पाहिले. खिडकीबाहेर काळ्या सूचनाफलकाच्या लोखंडी पायावर तंगडी वर करून उभा होता. "हद्द आखतोय," कोणीतरी म्हणाले आणि सगळे हसले.

आम्हां दोघांचेही या प्रश्नावर एकमत नव्हते. आमच्यातील एकीला सातव्या वर्षी पिसाळल्याचा संशय असलेले कुत्रे चावले होते. त्या काळच्या रीतीप्रमाणे पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागली. ती जुनी लस बंद होऊन वीस वर्षे झाली, आता सुई दंडात टोचतात; तरी दुचाकीमागे कुत्रे धावले की तिचा एक हात आजही आपोआप पोटाकडे जातो. दुसऱ्याचे बालपण मळ्यात, राखणीच्या कुत्र्याच्या सोबतीने गेले. तेव्हा या लेखातील 'आम्ही' हे सर्वनाम एका घरात राहणाऱ्या दोन मतांचे आहे, हे आधीच सांगितलेले बरे. ही दोन मते ज्या एका जागी भेटली ती 'हद्द आखतोय' या वाक्यापाशी. काळ्या खरोखर हद्दच आखत होता काय? शब्दांचे अर्थ लावणे हा ज्यांचा पोटापाण्याचा धंदा, त्यांनी हे वाक्य तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये, एवढे आम्हां दोघांनाही मान्य होते.

म्हणून हिवाळाभर सकाळचा पहिला तास सुरू होण्यापूर्वी आम्ही ग्रंथालयाच्या व्हरांड्यातून त्यांची फेरी पाहत राहिलो. फेरीचा मार्ग बहुतेक ठरलेला असतो. सायकल स्टँडचा कोपऱ्यातला खांब, कडुनिंबाचा बुंधा, सूचनाफलकाचा पाय, उपाहारगृहामागचे खरकट्याचे पिंप आणि कुंपणाचा दगडी खुंट. प्रत्येक ठिकाणी आधी बराच वेळ हुंगणे, मग क्षणभर तंगडी वर आणि दोन-चार थेंब. कधी नुसतेच हुंगून पुढे जाणे. लिहिण्यापेक्षा वाचण्यातच अधिक वेळ जातो, ही गोष्ट पहिल्या आठवड्यातच आमच्या लक्षात आली. आमच्या व्यवसायात हे प्रमाण आता दुर्मीळ झाले आहे. असो.

मूत्राशय रिकामे करणे आणि गंधखूण ठेवणे या दोन भिन्न क्रिया आहेत. पहिलीत कुत्रा एकदाच आणि पुष्कळ मुततो. दुसरीत तो थोडे थोडे, अनेक जागी आणि शक्यतो उभ्या वस्तूवर सोडतो. उभ्या वस्तूवरची खूण दुसऱ्याच्या नाकाच्या उंचीला राहते, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायांखाली तुडवली जात नाही आणि वाऱ्यावर दूर जाते. तंगडी वर करणे हा वयात आल्याचा भाग आहे. पिल्ले खाली बसूनच मुततात. मादीही खूण करते, विशेषतः माजावर आलेली असताना. पश्चिम बंगालमधील काटवा येथे सुनील कुमार पाल यांनी मोकाट कुत्र्यांच्या या वर्तनाचा लिंग, ऋतू, जागा आणि पवित्रा या चार अंगांनी अभ्यास करून 2003 साली तो प्रसिद्ध केला. नर माद्यांहून कितीतरी अधिक वेळा खुणा करतात आणि विणीच्या हंगामाचा या वर्तनाशी निकट संबंध असतो, हे त्यातून दिसते. आपल्याकडे हा हंगाम पावसाळ्याच्या उतारावर येतो. मराठी भाषेला हे ठाऊक होतेच. भाद्रपद आणि कुत्रा यांची सांगड घालणारे आपले वाक्प्रचार वर्गात उच्चारण्याजोगे नसले तरी निरीक्षण म्हणून चोख आहेत.

आता त्या दोन-चार थेंबांत असते तरी काय? कुत्र्याच्या नाकातील गंधग्राही पेशी कोटींनी मोजतात, वीस कोटींच्या पुढे. आपल्याकडे त्या जेमतेम पन्नास-साठ लाख. त्याखेरीज टाळूच्या वर त्याला आणखी एक गंधेंद्रिय असते. जड, सहज न उडणारे रेणू त्याच्या वाट्याला येतात आणि म्हणून कुत्रा काही खुणा हुंगतो तशा चाटतोही. या यंत्रणेला त्या थेंबांतून कळते ते असे: खूण करणारा नर की मादी, मादी असल्यास माजावर आहे की नाही, तो ओळखीचा की परका. वेगवेगळे रेणू वेगवेगळ्या वेगाने उडून जातात, त्यामुळे खूण ताजी की शिळी याचाही अंदाज त्यात दडलेला असावा. म्हणजे कर्ता, लिंग आणि काळ. व्याकरण शिकवणाऱ्याला ओळखीचे वाटावेत असेच हे प्रवर्ग आहेत.

यातील 'ओळखीचा की परका' याला 'स्वतः' हाही एक पर्याय जोडावा लागतो. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात मार्क बेकॉफ या प्राणिवर्तनशास्त्रज्ञाने आपल्या जेथ्रो नावाच्या कुत्र्यावर एक साधा प्रयोग केला. पाच हिवाळे तो फिरायच्या वाटेवरचा मूत्राने पिवळा झालेला बर्फ हातमोजे घालून उचलायचा आणि पुढे दुसरीकडे नेऊन ठेवायचा. स्वतःचा पिवळा बर्फ नको त्या जागी सापडला तर जेथ्रो तो थोडाच हुंगे. दुसऱ्याचा असेल तर बराच वेळ. हा अभ्यास 2001 साली प्रसिद्ध झाला. आरशात स्वतःला न ओळखणारा कुत्रा गंधात स्वतःला ओळखतो, असा विचार करायला त्याने वाट दिली. ज्या प्राण्याला आपण आपल्या आरशासमोर उभे करून नापास केले, त्याचा आरसा आपण पाहिलाच नव्हता.

या लिखाणात अतिशयोक्तीही आहे. न्यूयॉर्क राज्यातील बेटी मॅक्ग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निवाऱ्यांतील नर कुत्र्यांचे चित्रण करून तंगडीचा कोन आणि खुणेची उंची मोजली. लहान चणीचे कुत्रे मोठ्यांपेक्षा तंगडी अधिक उंच कोनात नेतात, असे त्यांना 2018 मध्ये आढळले. उंचावरची खूण वाचून वाचणाऱ्याने लेखकाला धिप्पाड समजावे, अशी ही योजना असण्याची शक्यता त्यांनी मांडली. लेखकाच्या उंचीविषयी त्याच्या लेखनावरून अनुमान करू नये, हा समीक्षेतील जुना धडा येथे शब्दशः लागू पडतो.

एकाच्या खुणेवर किंवा खुणेशेजारी दुसऱ्याने खूण करणे हीही रीत आहे. समूहात शेपूट उंच धरून वावरणारे नर आणि माद्या, दोन्ही, असे प्रत्युत्तर अधिक देतात. सूचनाफलकाच्या त्या पायावर सकाळी काळ्या, मग ढवळी, मग उरलेले तिघे आणि दुपारी केळीच्या बागेतून येणारा एखादा परका असे थर चढतात. जुन्या पोथीच्या समासात एकाने टीप लिहावी, दुसऱ्याने तिच्यावर आक्षेप नोंदवावा आणि तिसऱ्याने दोघांना छेद द्यावा, तसा हा खांब. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत जपले; ज्याला किल्ली ठाऊक त्यालाच ते वाचता येत. या खांबावरची लिपीही आपल्यापुरती तशीच आहे. फरक एवढाच की तिची किल्ली मुद्दाम लपवलेली नाही. ती आपल्या नाकात मुळातच कमी पडते.

बसस्थानकावर तर या वाचनाचे निराळेच रूप दिसते. सुरत-नागपूर महामार्गावरील आमच्या गावात भुसावळची, मलकापूरची, बऱ्हाणपूरची बस येऊन थांबते न थांबते तोच एखादा कुत्रा तिच्या मागच्या चाकापाशी जातो. हुंगतो, खूण करतो. कुत्र्यांना टायर का प्रिय, याची अनेक उत्तरे देतात. आम्हांस वाटते ते असे की मलकापूरच्या फलाटावर कोणीतरी त्या चाकावर काही ठेवलेले असते आणि ते येथे वाचले जाते. येथले उत्तर परतीच्या गाडीने तिकडे जाते. ज्याच्याशी कधी गाठ पडणार नाही अशाशी हा पत्रव्यवहार चालतो. एस.टी. महामंडळाला आपल्या या टपालसेवेची कल्पना नसावी.

मग 'हद्द' कोठे गेली? प्राण्यांच्या हद्दीची कल्पना रूढ झाली ती एलियट हॉवर्ड या इंग्रज निरीक्षकाच्या 1920 मधील पक्ष्यांवरील पुस्तकापासून. पुढे ती सस्तन प्राण्यांना लागू केली गेली. लांडग्यांच्या बाबतीत तिच्यात तथ्यही आहे. रॉजर पीटर्स आणि डेव्हिड मेक यांनी मिनेसोटातील बर्फावरून लांडग्यांचा माग काढला. त्यांना वाटेवर सरासरी दर 240 मीटरला कोणती ना कोणती गंधखूण सापडली, आणि प्रदेशाच्या कडेला खुणांची दाटी मधल्या भागाच्या सुमारे दुप्पट होती. 1975 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातील लोकप्रिय झालेली अर्धी गोष्ट एवढीच. उरलेली अर्धी अशी की मधल्या भागातही खुणा होत्याच, आणि भरपूर होत्या. परक्याला बजावण्यासाठीच खूण असती तर घराच्या मधोमध ती कशाला? त्या खुणा लांडग्यांच्या स्वतःसाठी होत्या: आपण कोठे आहोत, येथून कोण केव्हा गेले, ही वाट आपलीच ना. गंध हा त्यांचा पत्ता होता. काळ्याची फेरीही कुंपणाच्या खुंटावर संपते, पण तिची गर्दी सूचनाफलकापाशी आणि उपाहारगृहामागे असते. म्हणजे कडेला नाही, वर्दळीच्या जागी.

तरीही आपल्याला पहिल्यांदा हद्दच आठवते, याचे कारण आपल्या शिवारात आहे. खान्देशात दोन भावांचे बोलणे बंद होण्यास एक वीत बांध पुरतो. नांगराच्या एका जादा तासाने दरवर्षी बांध कोरायचा आणि दहा वर्षांनी मोजणी आणायची, ही येथली ओळखीची कथा. मराठीतील आद्य लेखांत गणला जाणारा अक्षीचा शिलालेख हाही गधेगाळ आहे: दिलेल्या दानात जो ढवळाढवळ करील त्याला आणि त्याच्या घराण्याला दगडावर कोरलेली शिवी. म्हणजे आपल्या भाषेच्या अगदी प्रारंभीच्या लिखाणात जमीन, खूण आणि धमकी ही तिन्ही एकत्र आहेत. अशा परंपरेतील वाचकाने कुत्र्याची तंगडी पाहून 'हद्द आखतोय' म्हणावे, यात नवल ते काय? तो स्वतःचेच लिखाण वाचत असतो. गधेगाळ मात्र शतकानुशतके टिकतो; काळ्याची खूण एप्रिलच्या उन्हात संध्याकाळपर्यंतही तशीच राहत नसेल. रोज पुसली जाणारी आणि रोज नव्याने लिहावी लागणारी गोष्ट भिंतीपेक्षा हजेरीपटाच्या अधिक जवळची आहे.

भिंत आणि पत्र या दोन्ही गोष्टी ज्या आख्यायिकेत एकत्र येतात, ती आमच्या गावचीच. येथून जवळ तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवांचे प्राचीन मंदिर आहे आणि मुक्ताईनगरालगतच्या कोथळीत मुक्ताबाईंचे. चौदाशे वर्षांच्या योग्याने ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला घेतले. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा की ज्ञानाने मोठे म्हणून नमस्कार, हे ठरेना. शेवटी कोराच कागद धाडला. मुक्ताबाईंनी तो कोरा कागद वाचला: इतकी वर्षे जगूनही हा कोराच राहिला. त्या कोऱ्या पत्राचे उत्तर म्हणून 'चांगदेव पासष्टी' जन्मली. पुढे चांगदेव वाघावर बसून भेटीस आले तेव्हा भावंडे ज्या भिंतीवर बसली होती ती भिंतच चालत सामोरी गेली. ही कथा आम्ही दरवर्षी शिकवतो आणि दरवर्षी चमत्कारापाशी अडखळतो. यंदा आमचे लक्ष मुक्ताबाईंच्या वाचनाकडे गेले. कागदावर एकही अक्षर नव्हते, तरी लेखक कोण, त्याची अवस्था काय, तो कोठे अडला आहे, हे सारे त्यांनी ओळखले. कोरेपणा कागदात नसतो, वाचणाऱ्याच्या तयारीत असतो. आम्हांला सूचनाफलकाचा पाय कोरा दिसतो, एवढ्यावरून तो कोरा ठरत नाही.

उपमा ताणू नये, हेही खरे. कुत्र्याची खूण म्हणजे साहित्य नव्हे. तिच्यात नकार नाही, अट नाही, उद्याचे वचन नाही; 'मी येथे नव्हतो' असे कोणताही कुत्रा कोणत्याही खांबावर लिहू शकत नाही. पण लेखनाचा एक मूळ गुण तिच्यात निःसंशय आहे: लिहिणारा निघून गेल्यावरही ती बोलते. भुंकणे हे भाषण आहे, समोर कोणी असेल तरच त्याला अर्थ. गंधखूण उरते. अनुपस्थिताशी बोलण्याची सोय माणसाने लिपी घडवून मिळवली. श्वानकुळाला ती फार आधीपासून अवगत होती.

ही सोय एकट्या श्वानकुळाचीही नाही. चांगदेवांचा वाघ कथेतला असेल. आमच्या तालुक्यातील वाघ खराच आहे. डोलारखेडा-चारठाणा भागातील जंगलात त्याचा वावर नोंदलेला आहे, तो केळीच्या बागांपर्यंतही येतो, आणि या भागाला मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्राचे नाव मिळाले आहे. वाघही झाडाच्या बुंध्यावर मागे, वरच्या दिशेने फवारा मारून खूण ठेवतो. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील रतनलाल ब्रह्मचारी यांनी या द्रावाचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यातील स्निग्ध पदार्थ गंधाला धरून ठेवतात, त्यामुळे तो लवकर उडत नाही. आणि त्यात सापडलेला एक रेणू म्हणजे टू-ॲसिटाइल-वन-पायरोलीन. बासमतीला आणि आपल्या आंबेमोहोराला ज्याच्यामुळे सुगंध येतो, तोच. 1990 मध्ये 'नेचर' नियतकालिकात ही गोष्ट प्रसिद्ध झाली. म्हणजे पाहुणा आला म्हणून जो भात आपण शिजवतो त्याचा दरवळ आणि वाघाने बुंध्यावर ठेवलेला निरोप यांत एक अक्षर सामाईक आहे. गंधाच्या बाबतीत आपणही अगदी निरक्षर नाही. दोन-चार अक्षरे ओळखतो.

उलट दिशेने, म्हणजे कुत्र्याने आपले लिखाण वाचावे म्हणून आपण जे करतो, ते मात्र फारच विनोदी आहे. महाराष्ट्रातील गल्लीबोळांत दारापुढे लाल किंवा निळ्या पाण्याने भरलेल्या बाटल्या ठेवलेल्या असतात. कुत्र्याने तेथे घाण करू नये, हा हेतू. कुत्र्याला रंग दिसतात ते प्रामुख्याने निळ्या-पिवळ्या पट्ट्यातले; लाल त्याला मळकट, निस्तेज दिसत असणार. नाकाने वाचणाऱ्यास आपण डोळ्यांचे पत्र लिहितो, तेही अशा शाईने जी त्याला नीट दिसत नाही. त्याच गल्लीत जिन्याच्या भिंतीवर देवादिकांच्या टाइल्स बसवलेल्या असतात, त्या मात्र कुत्र्यांसाठी नसतात. त्यांचा वाचक दोन पायांचा आहे.

आता बैठकीतील प्रश्नाकडे वळले पाहिजे, कारण तो विनोदाचा नाही. रेबीजने भारतात आजही दरवर्षी हजारो माणसे मरतात आणि लक्षणे दिसू लागल्यावर वाचण्याची आशा जवळजवळ नसतेच. सकाळी सहाच्या बसने खेड्यावरून येणारी आमची विद्यार्थिनी अंधारात फाटकापासून इमारतीपर्यंत चालते. तिची भीती खोटी नाही. आमच्यातील जिचा हात पोटाकडे जातो, तिने बैठकीत हेच सांगितले. गंधलिपीचे कितीही कौतुक असले तरी त्या मुलीचा तेवढा रस्ता निर्धोक असला पाहिजे, यावर आम्हां दोघांत मतभेद नव्हता. मतभेद होता तो हलवण्याने तो निर्धोक होईल का, यावर.

पाच कुत्री गाडीत घालून नेली तर काय होते, याचा विचार आम्ही त्या खांबापासून सुरू केला. त्यांच्या नव्या जागी प्रत्येक पृष्ठभाग परक्यांच्या पत्रांनी भरलेला असतो आणि त्यांतले एकही त्यांच्या नावे नसते. या परिसराला अशा स्थलांतराची ओळख आहे. हतनूर धरणाच्या फुगवट्याने तापीकाठची गावे उठली तेव्हा नवी घरे मिळालेल्या म्हाताऱ्या माणसांना जुन्या गावाची वाट आठवत राहिली. इकडे रिकाम्या झालेल्या आवारातील खुणा काही दिवसांत उडून जातात. उपाहारगृहामागचे खरकट्याचे पिंप तसेच राहते. केळीच्या बागेतून येणारा परका सूचनाफलकाचा पाय हुंगतो आणि त्याला तेथे आज कोणी राहत नसल्याचे कळते. खरोखरीचे कोरे पत्र ते हेच, आणि ते वाचायला त्याला अडचण पडत नाही. तो येतो, आणि त्याला लस दिलेली असेलच असे नाही. कुत्री मुळात अन्नामागे येतात. पिंप झाकल्याशिवाय हलवाहलव म्हणजे गळक्या छपराखालची बादली बदलणे. कळपातील 70 टक्के कुत्र्यांना लस मिळत राहिली तर रेबीजची साखळी तुटते, हा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब; तो जमायला कुत्री ओळखीची आणि एका जागची असावी लागतात.

न्यायालयाचा आदेश पाळायचा की नाही, हा शिक्षकांच्या बैठकीचा विषय असू शकत नाही, तो पाळायचाच. निवारा कोठे आहे, असे कोणी विचारले तेव्हा मात्र खोली गप्प झाली. तो मिळेपर्यंत काय करायचे, एवढेच आमच्या हाती होते. पिंपाला झाकण बसले. फाटक ते इमारत या वाटेवर दोन दिवे लागले. चावा बसल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस घ्यावी, अशी सूचना फलकावर लागली. जिल्ह्याच्या ठिकाणाहून पथक बोलावून पाचही कुत्र्यांना लस दिली, शस्त्रक्रिया झाल्या. शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याच्या कानाला एक लहान खाच करतात, माणसांना दुरून ओळखता यावे म्हणून.

ही खाच आमच्या चर्चेत अजून निकालात निघालेली नाही. एकाला ती गधेगाळाच्या जातीची वाटते: दुसऱ्याच्या अंगावर कोरलेले आपले लेखन. दुसरी म्हणते, आजवर पाहिलेल्या साऱ्या खुणांत आपल्यासारख्यांना वाचता येईल अशी ही एकच आहे, आणि ती खरे बोलते. परवा ती फाटकातून येत असताना ढवळी वाटेत आडवी बसली होती. हात पोटाकडे गेलाच. मग तिने कान पाहिला, खाच पाहिली आणि रस्ता न बदलता तिच्याजवळून पुढे गेली. ढवळीने मान वर करून हवेत नाक फिरवले. तिने काय वाचले, ते आम्हांस सांगता येणार नाही.